बोललेलं बाहेर जाणार नाही, एवढा भरवसा

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी सोळा-सतरा वर्षांच्या एखाद्या मुलीला मनातलं कुणाशी तरी बोलावंसं वाटतं, तेव्हा तज्ज्ञ मिळेल का ही तिची पहिली काळजी नसते. तिथं जाताना आपल्याला कोण बघेल, ही असते. एसटी स्टँडवर ओळखीची माणसं भेटतात. सरकारी रुग्णालयात केस पेपरच्या खिडकीपाशी नाव, गाव, वय आणि ‘काय होतंय?’ याचं उत्तर मागच्या रांगेच्या देखत द्यावं लागतं. रांगेत गावातली एखादी काकू उभी असेल, तर मुलगी घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचते. खासगी दवाखान्यात जावं तर पैसे घरूनच मागावे लागतात, आणि पैसे कशाला हवेत हेही सांगावं लागतं. फोन करावा तर फोन भावाच्या हातात.

गेल्या दहा-बारा वर्षांत या वयाच्या मुलांसाठी कायदे झाले, योजना आल्या, हेल्पलाइन सुरू झाल्या, सर्वोच्च न्यायालयाचे आदेश निघाले. कागदावर पाहिलं तर जिल्ह्यात बरंच काही आहे. तरीही मुलं येत नाहीत, आली तर अगदी उशिरा येतात. याचं मोठं कारण मला असं दिसतं की, बोललेलं आत राहत नाही हे मुलांना अनुभवानं ठाऊक झालेलं असतं. शाळेत सरांना सांगितलेलं शिक्षकांच्या खोलीत पोचतं, बहिणीला सांगितलेलं आईला कळतं, आईला सांगितलेलं मामापर्यंत जातं. समुपदेशनात गुप्ततेचा भरवसा ही पहिली पायरी असते, आणि ती बांधण्यात आई-वडिलांचा वाटा सर्वांत मोठा असतो. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे.

प्रश्न केवढा आहे

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार दहा ते एकोणीस वर्षांच्या दर सात मुलांमागे एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार असतो. आयुष्यात पुढे दिसणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्म्यांची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत झालेली असते. आपल्याकडे बंगळूरच्या ‘निमहान्स’नं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत तेरा ते सतरा वयाच्या ७.३ टक्के मुलांमध्ये उपचारांची गरज असलेले त्रास आढळले. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात साधारण चार मुलं. त्याच पाहणीत मोठ्यांमधल्या वेगवेगळ्या मानसिक आजारांसाठी उपचारांविना राहिलेल्यांचं प्रमाण ७० टक्क्यांच्या वर निघालं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातले होते. यातलं प्रत्येक मूल आधी कुणाशी बोललं असतं तर वाचलंच असतं, असं म्हणणं खरं होणार नाही. पण ‘आम्हाला काही कळलंच नाही’ हे वाक्य इतक्या घरांतून ऐकू येतं की, मुलांना बोलायला जागा होती का हा प्रश्न टाळता येत नाही.

आजाराचं नाव देता येणार नाही अशा त्रासात असलेली मुलं तर याच्या कितीतरी पट. बारावीत मार्क पडले नाहीत, मैत्रिणीनं बोलणं सोडलं, वडील रोज पिऊन येतात, कुणी फोटो पसरवायची धमकी देतंय, आपल्याला मुली नाही तर मुलगेच आवडतात हे उमगलंय. अशा वेळी औषधाची गरज बहुधा नसते. नीट ऐकणाऱ्या माणसासोबत चार-सहा वेळा बसायला मिळालं तर पुष्कळ काम होतं. समुपदेशक तेच करतो. मानसोपचारतज्ज्ञ हा औषध देणारा डॉक्टर, आणि त्याची गरज कधी आहे हे ओळखून तिकडे पाठवणं हाही समुपदेशकाच्या कामाचाच भाग.

एका जिल्ह्यात अनेक जिल्हे

क्षेत्रफळानं अहिल्यानगर हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर, चौदा तालुके, २०११ च्या जनगणनेत ४५ लाखांवर लोक. अकोल्याच्या किंवा जामखेडच्या टोकाच्या गावातून जिल्हा रुग्णालयात यायचं तर सगळा दिवस जातो. पौगंडातल्या मुलाला सबंध दिवस घरातून गायब राहायचं असेल, तर कारण सांगावं लागतं. गुप्तता तिथंच संपते.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या दक्षिणेकडच्या कोरडवाहू पट्ट्यातून दरवर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुलं आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, नाही तर आई-बापाबरोबर फडावर जातात. मुलगी वयात आली की तिला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचं, ही काळजी आई-बापाला खरोखरच पोखरते, आणि अनेक घरांत तिच्यावर लग्न हाच तोडगा निघतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराव्या वर्षाआधी झालेलं होतं. अशा घरातल्या मुलीला एखादा मुलगा त्रास देत असेल, तर ती घरी सांगत नाही. सांगितलं की शाळा बंद आणि लग्नाची घाई, हे तिनं शेजारच्या ताईच्या बाबतीत पाहिलेलं असतं.

पश्चिमेला अकोले तालुक्यात आदिवासी मुलं आश्रमशाळांत राहून शिकतात. तिथं खोली एकट्याची नसते, फोन स्वतःचा नसतो, आणि तक्रार ज्याच्याविरुद्ध असेल तोच कदाचित वसतिगृहाच्या किल्ल्या सांभाळत असतो. उत्तरेकडे संगमनेर, राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर या उसाच्या आणि शिक्षणसंस्थांच्या पट्ट्यात वेगळाच ताण. तिथं मोठमोठी शैक्षणिक संकुलं आणि वसतिगृहं आहेत, आणि बापानं कर्ज काढून फी भरली आहे हे मुलाला रोज आठवतं. अहिल्यानगर, म्हणजे बोलण्यातल्या नगर शहरातल्या अभ्यासिकांमध्ये पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी बाविशी-पंचविशीतली मुलं दिसतील. दोन-तीन प्रयत्न हुकले की गावी जायची त्यांना लाज वाटते. ‘काय करतं तुमचं पोरगं?’ या प्रश्नापासून ती लपत फिरतात, आणि नोकरी नाही म्हणून लग्नही जुळत नाही. वयानं मोठी झालेली ही मुलं समुपदेशनाच्या कुठल्याच योजनेत नीट बसत नाहीत.

या सगळ्यावर जातीची आणि इभ्रतीची सावली आहे. जामखेड तालुक्यातल्या खर्डा इथं २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलल्याच्या रागातून तो झाल्याचा आरोप होता. २०१७ मध्ये सत्र न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले. ज्या जिल्ह्यात मुलांनी असं काही आपल्या शेजारी घडलेलं ऐकलं आहे, तिथं प्रेमाबद्दल मोकळेपणानं बोल असं सांगणाऱ्यानं आधी ते बोलणं सुरक्षित आहे याची हमी द्यायला हवी. गुप्ततेचा संबंध इथं कधीकधी थेट जिवाशी असतो.

या वाटेवरून आधी चाललेले

खासगी प्रश्नाला नाव न फोडता उत्तर द्यायची परंपरा मराठीत जुनी आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. घरात, शाळेत, डॉक्टरांकडे विचारता न येणारे प्रश्न वाचक त्यांना लिहून पाठवत, आणि ते अंकातून सरळ, शास्त्राला धरून उत्तरं देत. याच उत्तरांपायी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला ते हरले, दंड झाला, पण प्रश्न विचारणाऱ्याला विकृत ठरवायचं नाही, उत्तर द्यायचं, हा धडा मागे राहिला. पुढे गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी ‘तारुण्यभान’ शिबिरांतून तरुण मुलामुलींशी याच विषयांवर समोरासमोर बोलायला सुरुवात केली. मुलं विचारतात, फक्त विचारण्याची रीत त्यांना सोसेल अशी हवी, हे या कामांमधून दिसलं.

नगर जिल्ह्याकडे स्वतःचीही पुंजी आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. गावातल्याच, बहुतेक वेळा शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकांना शिकवून त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या घडवल्या, आणि गाव त्यांच्यावर विश्वास टाकू लागलं. नीट शिकवलं आणि पाठीशी सतत कुणी असलं, तर गावचंच माणूस मोठं काम करू शकतं, याचा हा पुरावा आपल्याच जिल्ह्यातला. नगर शहरात गिरीश कुलकर्णी यांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या ‘स्नेहालय’नं वेश्यावस्तीतल्या स्त्रिया, त्यांची मुलं आणि एचआयव्हीग्रस्त यांच्यासोबत काम केलं. नाव बाहेर फुटलं तर माणूस गावातून उठतो, अशा प्रश्नात हे काम चाललं.

सरकारी रुग्णालयांतल्या, एचआयव्हीची चाचणी आणि समुपदेशन करणाऱ्या ‘आयसीटीसी’ केंद्रांनीही हेच केलं. तिथं वेगळी खोली असते, प्रशिक्षित समुपदेशक असतो, चाचणीआधी आणि चाचणीनंतर बोलणं होतं, निकाल फक्त त्या माणसाच्या हातात जातो. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं या गुप्ततेला कायद्याचं बळ दिलं. म्हणजे तालुक्याच्या रुग्णालयाला गुपित कसं राखायचं हे शिकवावं लागणार नाही. ते त्याला येतं. तीच शिस्त मुलांच्या मनाच्या प्रश्नाला लावायची आहे.

पहिली दहा मिनिटं

चांगल्या समुपदेशकाकडे पहिली भेट कशी होते, ते जवळून पाहण्यासारखं आहे. आई मुलाला घेऊन आलेली असते. दोघांना एकत्र बसवून समुपदेशक आधी आईचं ऐकतो. मग आईला बाहेर बसायला सांगतो आणि दार लावतो. मूल अजून चपलेच्या अंगठ्याकडे बघत असतं. समुपदेशक पहिलाच प्रश्न त्रासाचा विचारत नाही. तो साधारण असं सांगतो: ‘तू इथं जे बोलशील ते माझ्यापाशी राहील. तुझ्या परवानगीशिवाय आईला, सरांना, कुणालाच मी ते सांगणार नाही. तीन गोष्टी मात्र मला एकट्याला पोटात ठेवता येणार नाहीत. तुझ्या जिवाला धोका असेल तर, दुसऱ्या कुणाच्या जिवाला असेल तर, किंवा तुझ्यावर कुणी अत्याचार केला असेल तर. तशी वेळ आली तरी आधी तुझ्याशी बोलेन. कुणाला सांगायचं, कसं सांगायचं, ते आपण दोघं ठरवू.’

या पाच-सहा वाक्यांवर पुढचं सगळं उभं राहतं. ‘कुणालाच काही सांगणार नाही’ असं सरसकट वचन देणारा समुपदेशक पुढे कधी तरी ते मोडतो, आणि ते मूल पुन्हा कुठल्याच मोठ्या माणसाकडे जात नाही. मर्यादा आधीच सांगितली की मूल स्वतः ठरवू शकतं, आज कुठवर बोलायचं. त्यानंतर आईला आत बोलावून तिच्यासमोरही तेच सांगायचं: मुलगा येतोय की नाही, त्याला घरून काय मदत हवी, धोका आहे की नाही, एवढं तुम्हाला कळेल. आत काय बोलणं झालं, ते मात्र तो सांगेल तेव्हा कळेल.

पुष्कळ ठिकाणी घात होतो तो बारीकसारीक गोष्टींत. बोलणं ऐन भरात असताना शिपाई चहा घेऊन आत येतो. नोंदवही टेबलावर उघडी असते. खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरात ‘समुपदेशन कक्ष’ लिहिलेलं असतं आणि दार नेमकं मैदानाकडे उघडतं, त्यामुळे आत कोण गेलं हे सगळ्या वर्गाला दिसतं. मुख्याध्यापक सहज विचारतात, ‘काय म्हणत होती ती?’ आणि समुपदेशकही सहज सांगून जातो. यातलं काहीच सुधारायला मोठा खर्च लागत नाही. कपाटाला कुलूप, दाराला कडी आणि ‘ते मला सांगता येणार नाही, सर’ एवढं वाक्य लागतं.

कायदा काय म्हणतो

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या तेविसाव्या कलमानं मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क दिला. अपवाद मोजके आहेत: जिवाला धोका, दुसऱ्याला इजा होण्याचा धोका, न्यायालयाचा आदेश, सार्वजनिक सुरक्षितता, उपचार करणाऱ्या दुसऱ्या तज्ज्ञाला आवश्यक तेवढी माहिती. अठरा वर्षांखालील मुलाचे पालकच त्याचे प्रतिनिधी मानले जातात, आणि जबाबदारी पार पाडण्यापुरती माहिती त्यांना देता येते. यातला ‘पुरती’ हा शब्द महत्त्वाचा. सगळं सांगावं असं कायदा म्हणत नाही. अठरा पूर्ण झालेल्या मुलामुलीबद्दल तर कॉलेजनं किंवा डॉक्टरांनी त्यांना न विचारता घरी फोन करावा, याला एरवी आधारच नाही. इंग्लंडमध्ये १९८५ मध्ये गिलिक खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं सोळा वर्षांखालच्या मुलाची समज पाहून त्याला स्वतःच्या उपचाराबद्दल संमती देता येते असं मानलं. आपल्याकडे अशी स्पष्ट वाट नाही, म्हणून अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पालकांशी आधी करार करून घेणं, हाच व्यवहारी मार्ग उरतो.

याच कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार, जीव देण्याचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं मानलं जातं आणि तिला शिक्षेऐवजी मदत मिळावी असं म्हटलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेतलं ३०९ कलम तसं राहिलेलंच नाही. तरी गावागावांत ‘पोलीस केस होईल’ या भीतीनं घरचे प्रकरण दाबतात, आणि मूल घरी येतं ते कुणाशीच न बोलता. ही भीती आता निराधार आहे, हे गावात मोठ्यानं सांगायला हवं.

सर्वांत अवघड गाठ ‘पॉक्सो’ची आहे. २०१२ च्या या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. बालकावर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं एकोणिसाव्या कलमानुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. अत्याचार लपवला जाऊ नये म्हणून हे कलम हवंच. पण सतरा वर्षांची मुलगी आपल्या मर्जीनं असलेल्या संबंधांबद्दल बोलायला आली, तरी तेच कलम लागतं, आणि ते कळलेल्या मुली येणं टाळतात. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं थोडी वाट काढली: गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरनं तिची ओळख सांगायची गरज नाही. समुपदेशकांसाठी अशी सोय अजून व्हायची आहे. तोवर एक गोष्ट शाळांनी ध्यानात ठेवावी: मैत्री, प्रेम, चिठ्ठी हा गुन्हा नाही. ‘कायदाच आहे’ असं म्हणून प्रत्येक प्रेमपत्र पालकांपुढे वाचणं हा कायद्याचा गैरवापर आहे.

दारं कुठली आहेत

ज्याला आज, आत्ता बोलायचं आहे त्याच्यासाठी ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक. १० ऑक्टोबर २०२२ पासून तो दिवसरात्र, फुकट चालतो आणि मराठीत बोलता येतं. बालविवाह, मारहाण, अत्याचार यांसाठी १०९८. तिथं कळवणाऱ्याचं नाव गुप्त राहतं. गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे, पण मुलीला ग्रामसेवकाकडे जायचं धाडस होत नाही. फोन करणं त्यातल्या त्यात सोपं.

समोरासमोर बसायचं तर राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातल्या ‘मैत्री’ क्लिनिक आहेत. दहा ते एकोणीस वयाच्या मुलांसाठीचा हा कार्यक्रम जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाला, पण त्यात समुपदेशन मिळतं हे ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच बहुधा माहीत नसतं. नगरच्या जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची सोय आहे, लोणीला प्रवरेच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, आणि नगरच्या सीएसआरडी समाजकार्य महाविद्यालयातून समाजकार्याचं शिक्षण घेतलेली माणसं तयार होतात. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या काळात राज्य मंडळ फोनवरून बोलणारे समुपदेशक नेमतं. परीक्षेचा ताण निकालानंतरही असतो, म्हणून ही सोय तेव्हाही पुरेशी चालायला हवी.

शाळांमध्ये तक्रारपेट्या आहेत, २०२२ पासून ‘सखी सावित्री’ समित्याही आहेत. पेटी कार्यालयाच्या दारात शिपायाच्या डोळ्यांसमोर टांगली असेल, तर तिच्यात चिठ्ठी पडणार नाही. ती पाण्याच्या टाकीजवळ, जिन्याखाली, येता-जाता हात जाईल अशी हवी, आणि किल्ली अशा माणसाकडे हवी ज्याच्याविरुद्ध तक्रार येण्याची शक्यता कमी.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं विशाखापट्टणममधल्या एका सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरासाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेनं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी बांधून घ्यावं, आणि हेल्पलाइनचे क्रमांक ठळक लावावेत, असं त्यात आहे. कायदा होईपर्यंत या सूचना बंधनकारक आहेत. मुलाच्या शाळेनं कुणाला नेमलं, हे पालकसभेत विचारायचा अधिकार आता प्रत्येक पालकाला आहे.

कुणी बसावं समोर

शाळा बहुधा हे काम शिक्षकावर टाकते. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात गोव्याच्या ‘संगात’ या संस्थेच्या संशोधकांनी पंचाहत्तर शाळांत याचीच पारख केली. एका गटात शाळेतल्या शिक्षकानं कार्यक्रम चालवला, दुसऱ्या गटात त्यासाठीच नेमलेल्या, थोडं प्रशिक्षण दिलेल्या साध्या तरुण माणसानं. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेले निष्कर्ष स्पष्ट होते: वेगळ्या नेमलेल्या माणसाच्या शाळांत वातावरण सुधारलं, छळ आणि उदासी कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत तसा फरक पडला नाही. मला याचा अर्थ असा लागतो की, आपल्याला मार्क देणाऱ्या आणि आपल्या बापाला ओळखणाऱ्या माणसापाशी मूल मन उघडत नाही, मग तो माणूस कितीही भला असो.

१९९७ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पाचशेवर किशोरवयीनांवर झालेला एक अभ्यासही याच दिशेनं बोट दाखवतो. डॉक्टर गुप्तता राखतील असं सांगितलं, तेव्हा नाजूक गोष्टी सांगायला तयार असलेल्यांचं प्रमाण ३९ वरून ४६.५ टक्क्यांवर गेलं, आणि पुन्हा त्याच डॉक्टरकडे यायला तयार असलेल्यांचं ५३ वरून ६७ टक्क्यांवर. फक्त सांगितल्यानं एवढा फरक पडला.

घरच्यांनी काय करावं

आई-वडिलांना वाटतं, पोरगं परक्याशी बोलतं, आमच्याशी का नाही? हे वाटणं खरं आहे, दुखणारं आहे. पण वयात येणाऱ्या मुलाला घरापासून थोडं लांब उभं राहूनच स्वतःकडे बघता येतं. तो तुमच्यावर प्रेम करतो म्हणूनच काही गोष्टी तुम्हाला सांगत नाही. तुम्हाला त्रास होईल, तुमची मान खाली जाईल, ही भीती त्याच्या गप्प राहण्यामागे असते.

‘खायला-प्यायला कमी आहे का तुला?’ हा प्रश्न टाळा. ‘बाहेरचं काही आहे का’ म्हणून आधी अंगारा आणि मग डॉक्टर, हा क्रमही सोडा. त्यात महिने जातात. त्याऐवजी एवढंच म्हणा: ‘बाळा, तुला बरं वाटत नाही हे मला दिसतंय. मला सांगायचं नसेल तर नको सांगूस. एका ताईंकडे जाऊ, तू एकटाच आत बस, मी बाहेर थांबते.’ आणि खरंच बाहेर थांबा. घरी येताना गाडीवर ‘काय विचारलं, काय सांगितलंस?’ सुरू करू नका. त्याला भूक लागली असेल, वडापाव खाऊ घाला आणि दुसऱ्या विषयावर बोला. समुपदेशकाला चोरून फोन करून चौकशी करू नका. मुलाला ते कळतंच. आत्या, मामा, मावशी यांना विश्वासात घ्यायचं असेल तर आधी मुलाला विचारा. मुलीला वेगळा फोन देणं परवडत नसेल, तर आठवड्यातून अर्धा तास घरचा फोन तिच्या हातात द्या आणि कॉल लिस्ट तपासू नका.

एक गोष्ट मात्र थेट विचारावी. मूल फार खचलेलं दिसलं, आवडत्या वस्तू वाटू लागलं, ‘मी नसलो तर बरं होईल’ असं काही बोललं, तर ‘जीव द्यावासा वाटतोय का तुला?’ असं स्पष्ट विचारा. विचारल्यानं तो विचार मनात घुसत नाही. उलट कुणी तरी विचारलं या भावनेनं मूल मोकळं होतं. त्या रात्री त्याला एकटं सोडू नका आणि तज्ज्ञाकडे न्या. इथं गुप्ततेपेक्षा जीव मोठा, आणि हे मुलालाही पटतं.

जिल्ह्यानं काय करावं

एवढ्या आढाव्यानंतर करण्यासारख्या गोष्टी फार मोठ्या दिसत नाहीत. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आयसीटीसीसारखीच एक खोली किशोरवयीनांसाठी असावी, तिला शाळा सुटल्यानंतरची वेळ असावी, आणि केस पेपरवर आजाराऐवजी फक्त क्रमांक असावा. एकाच तालुक्यातल्या चार-पाच छोट्या शाळांनी मिळून एक समुपदेशक नेमावा आणि त्यानं त्यांपैकी कुठल्याच शाळेत शिकवू नये. आश्रमशाळांत आणि हंगामी वसतिगृहांत महिन्यातून ठरलेल्या दिवशी बाहेरचा समुपदेशक यावा आणि मुलांना आडोशाला एक फोन मिळावा. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांत १४४१६ ची पाटी परीक्षांच्या वेळापत्रकाशेजारी लागावी. आणि समुपदेशकांना स्वतःचं मन हलकं करायला, अवघड प्रसंगात सल्ला विचारायला वरिष्ठ माणूस मिळावा. जामखेडचं काम याच पाठबळावर टिकलं.

यातली कुठलीही गोष्ट मुंबईच्या मंजुरीची वाट बघत थांबलेली नाही. मुख्याध्यापक, ग्रामपंचायत, रुग्णालयाचे अधीक्षक आणि पालक यांनी मनावर घेतलं तर पुढच्या परीक्षेआधी त्यातलं निम्मं होऊ शकतं. तोपर्यंत प्रत्येक घरानं आपल्या मुलाला एक शब्द द्यावा: तू मदत मागायला गेलास तर आम्ही तुला नेऊन सोडू, पैसे देऊ, आणि आत काय बोललास ते विचारणार नाही. हा शब्द पाळणाऱ्या घरातल्या मुलाला केस पेपरच्या रांगेत काकू दिसली, तरी तो रांगेतून निघून जाणार नाही.